अमर शेख यांचा आवाज आणि यंत्राची लय

शाहीर अमर शेख यांच्याविषयी मराठी समीक्षेने जे थोडेफार लिहिले आहे त्यात एक अवघडलेपण सतत जाणवते. ‘पहाडी आवाज’ हे विशेषण एकदा वापरून झाले की समीक्षक छापील संहितेकडे वळतो. ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे संग्रह तो वाचतो. त्यांत त्याला आवेश, आवाहन, पुनरुक्ती आणि काही ठिकाणी उसनी वाटणारी क्रांतीची परिभाषा आढळते, आणि कविता प्रामाणिक असली तरी प्रचारकी आहे असा निर्वाळा देऊन तो मोकळा होतो. आवाज आठवणींच्या लेखात जातो, कविता परीक्षणात येते. ज्या वस्तूचे परीक्षण करावयाचे ती वस्तूच या वाटणीत नाहीशी होते, याची खंत मात्र सहसा कोणी व्यक्त करीत नाही.

ही वाटणी मोडावयाची असेल तर प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारावा लागेल. कवी म्हणून अमर शेख यांची उंची किती, हा येथे प्रश्न नाही. गिरणी कामगारांसमोर उभ्या राहून गाणाऱ्या या माणसाच्या गाण्यात गिरणी नेमकी कोठे ऐकू येते, हा प्रश्न आहे. वरवर पाहता त्याचे उत्तर सोपे आहे. कामगार शाहिरीच्या शब्दांत भोंगा आहे, मालक आहे, संप आहे. परंतु शब्दांत असणे आणि ऐकू येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रोलां बार्थने १९७२ मध्ये आवाजाच्या पोताविषयी लिहिताना गाणाऱ्या देहाचा जो भाग अर्थाच्या पलीकडे उरतो त्याकडे लक्ष वेधले होते. शाहिरीच्या बाबतीत हा उरलेला भाग गौण नसून तोच मुख्य ऐवज आहे.

या प्रश्नाला धार यावी म्हणून एका दूरच्या उदाहरणाची सोबत घेणे उपयुक्त ठरते. रॉक संगीतात वाद्यवृंदापुढे उभा राहणाऱ्या मुख्य गायकाला ‘फ्रंटमन’ म्हणतात. शाहीर पुढे आणि झीलकरी मागे, ही आपल्याकडील रचना त्याहून फार निराळी नाही. या रॉक परंपरेतून १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडस्ट्रियल मेटल’ नावाचा प्रकार उदयाला आला. अमेरिकेत अल यूर्गेन्सन याची ‘मिनिस्ट्री’ आणि इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जस्टिन ब्रॉड्रिकची ‘गॉडफ्लेश’ हे त्याचे आरंभीचे ठळक संघ. त्यात पुढे माणूस असतो आणि मागे यंत्र. हे ‘मागे यंत्र’ अलंकारिक नव्हे. ‘गॉडफ्लेश’ १९८८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात ब्रॉड्रिक आणि बास गिटार वाजविणारा जी. सी. ग्रीन असे दोघेच कायमचे सदस्य होते. तालवादकाच्या जागी ठोके देणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र होते. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रीटक्लीनर’ या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत त्या यंत्राचा ठोका माणसाच्या हातात असते ती किंचित मागेपुढे होण्याची सवलतसुद्धा घेत नाही. म्हणजे कारखाना हा येथे विषय म्हणून येत नाही, लय म्हणून येतो.

आता अमर शेख यांच्याकडे परत येता येईल. मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचे मूळ नाव. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे त्यांचा जन्म झाला. घरची कमालीची गरिबी, आई मुनेरबी यांच्या तोंडून कानावर पडलेली लोकगीते, मोटारगाडीवरील क्लीनरचे काम, मग गिरणीतील नोकरी, संपातील पुढाकार, विसापूरचा तुरुंग, साम्यवादी विचारांशी जडलेले नाते, कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेतील उमेदवारी आणि अखेर मुंबई असा तो प्रवास आहे. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा आवाज कामगार वस्तीबाहेर पडून सबंध मराठी मुलखाचा झाला. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी संरक्षण निधीसाठी ते गावोगाव गायले, तेव्हा पक्षाची चौकट आणि गायकाची प्रेरणा यांतील अंतर अनेकांच्या लक्षात आले. ‘महात्मा फुले’ (१९५४) आणि ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटांत ते दिसतात. २९ ऑगस्ट १९६९ रोजी मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

हे चरित्र कामगार शाहीर या प्रतिमेला इतके अनुरूप आहे की ते समीक्षकाला फसविते. गिरणीत राबलेला माणूस गिरणीचा आवाज होणारच, असा कार्यकारणभाव त्यातून आपोआप जुळतो आणि मग ऐकण्याचे काम उरत नाही. प्रत्यक्षात कानावर काय पडते? डफ, ढोलकी, तुणतुणे, झांज. पोवाड्याची चढत जाणारी फेक, छक्कडीचा झोल, झीलकऱ्यांनी उचलून धरलेले पालुपद. बाजाची पेटी वगळली तर यांतील एकही साधन असे नाही की जे १८५४ पूर्वीच्या, म्हणजे मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना होण्यापूर्वीच्या, खेड्यात सापडले नसते. अण्णा भाऊंनी तमाशाचे लोकनाट्य केले, गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन आणले, गवळण गाळली, राजाराणीच्या वगात मुंबईचा कामगार उभा केला. हे सर्व आशयाच्या पातळीवरचे मोठे परिवर्तन आहे. लयीला मात्र कोणी हात लावला नाही. गिरणगावाच्या मध्यभागी, चिमण्यांच्या सावलीत, जे गाणे उभे राहिले त्याची चाल बैलगाडीच्या वाटेने आलेली होती.

याचे एक कारण अगदी भौतिक आहे. साचेखात्यात शेकडो माग एका वेळी चालू असत. धोट्याचा आणि फणीचा तो आघात इतका दाट असे की शेजारच्या माणसाशी बोलणेही मुश्किल. लँकशायरमधील विणकर स्त्रियांनी अशा खात्यांत ओठांच्या हालचालीवरून बोलणे ओळखण्याची एक स्वतंत्र रीतच विकसित केली होती, ही नोंद प्रसिद्ध आहे. जात्यावर ओवी होते, मोटेवर गाणे होते, नाखव्याला वल्ह्याच्या तालावर गाणे सुचते. मागावर गाणे होत नाही. श्रम आणि गीत यांचे जे नाते लोकसाहित्याचे अभ्यासक गृहीत धरतात ते गिरणीच्या दाराशी तुटते. गाणे पाळी संपल्यावर सुरू होते. चाळीच्या चौकात, भजनी मंडळात, लालबागच्या तमाशाच्या थिएटरात, कामगार मैदानावर ते होते, आणि तेथे गिरणीची लय पुन्हा ऐकावी अशी कोणाची इच्छा असण्याचे कारण नव्हते.

दुसरे कारण सामाजिक आहे. मुंबईचा गिरणी कामगार पुरता शहराचा झाला नव्हता. कोकणात आणि घाटावर त्याचे घर होते. शिमग्याला, गणपतीला, पेरणीला तो गावी जाई. संप लांबला की गावच त्याला तारून नेई. ढोलकीचा ठोका त्याला त्या दुसऱ्या घराची खूण पटवीत असे. तिसरे कारण विचारप्रणालीचे, आणि कदाचित सर्वांत निर्णायक. ज्या मार्क्सवादी श्रद्धेतून कलापथक निर्माण झाले तिला यंत्राचे भय नव्हते. यंत्र चांगलेच आहे, ते कोणाच्या मालकीचे एवढाच वाद, ही तिची भूमिका. त्यामुळे गाण्यात यंत्राचा दरारा उतरविण्याची गरजच निर्माण झाली नाही. माणूस यंत्राहून मोठा आहे हे सिद्ध करावयाचे असेल तर ते माणसाच्या आवाजानेच सिद्ध करावे लागते.

येथे मर्ढेकरांची आठवण अपरिहार्य आहे. मराठी कवितेत यंत्रयुगाची जाणीव आणणारा कवी आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयतत्त्वाचा सिद्धांत मांडणारा सौंदर्यमीमांसक एकच आहे, हा योगायोग पुरेसा तपासला गेलेला नाही. त्यांनी ‘काही कविता’मध्ये (१९४७) यंत्राखाली चिरडलेल्या माणसाचे चित्र रेखाटले ते अनेकदा अभंगाच्या आणि ओवीच्या घाटात. तेव्हा शाहिरांनी जुनी लय सोडली नाही म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवावयाचे, तर नवकवितेच्या प्रवर्तकाकडेही ते दाखवावे लागेल. फरक असा की मर्ढेकरांच्या अभंगात जुना घाट आणि नवा आशय यांचा विसंवाद मुद्दाम बोचत ठेवलेला आहे; शाहिरीत तो विसंवाद मिटविलेला आहे. मर्ढेकरांचा वाचक एकटा असतो, त्याला बोच परवडते. दहा हजारांच्या सभेला ती परवडत नाही.

बर्मिंगहॅमची कथा याच्या नेमकी उलट आहे आणि तिचा आरंभ एका अपघाताने होतो. १९६५ मध्ये तेथील पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा गिटारवादक. म्हणजे तारा दाबण्याचा हात हाच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे केली, तारा सैल केल्या, आणि पुढे ‘ब्लॅक सॅबथ’च्या संगीतात तारांचा स्वर खाली उतरवून घेतला. हेवी मेटलचा तो जड, मंद नाद केवळ त्या दुखापतीतून आला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण कारखान्याने देहावर केलेली खूण संगीताच्या ध्वनीत उमटली याचे याहून थेट उदाहरण सापडणे कठीण. त्या शहरातील वादकांनी घणांच्या आणि दाबयंत्रांच्या आवाजाशी आपल्या संगीताचे नाते स्वतःच अनेकदा सांगितले आहे.

ब्रॉड्रिक १९६९ चा, म्हणजे अमर शेख ज्या वर्षी गेले त्या वर्षी जन्मलेला. त्याची पिढी कारखान्यात शिरण्याच्या वयाची झाली तेव्हा कारखाने बंद पडू लागले होते. तो किशोरवयातच ‘नेपाम डेथ’ या संघात गिटार वाजवू लागला, आणि तेथील बेभान वेग सोडून त्याने ‘गॉडफ्लेश’मध्ये अत्यंत संथ, न थांबणारा ठोका स्वीकारला. इंडस्ट्रियल म्हणविणारे सगळेच संगीत, १९७६ च्या ‘थ्रॉबिंग ग्रिसल’पासून, उद्योग भरात असताना जन्मले नाही, पश्चिम युरोपातील उद्योग उताराला लागल्यावर जन्मले. इटलीच्या लुइजी रुसोलोने १९१३ मध्येच यंत्रांच्या आवाजाला संगीत मानावे असा जाहीरनामा काढला होता. तो उत्साहाचा काळ होता, आणि त्यातून टिकाऊ संगीत फारसे निघाले नाही. उत्साह ओसरल्यानंतर, यंत्र आठवणीत गेल्यावर, ते सुरात आले. एका अर्थी ही श्राद्धाची लय आहे.

तेव्हा त्या लयीपुढे उभ्या असलेल्या माणसाचे काय होते? ‘स्ट्रीटक्लीनर’मध्ये गायकाचा आवाज वाद्यांच्या वर येत नाही. तो खर्जात गुरगुरतो, शब्द मोजके आणि पुनःपुन्हा येणारे, पुष्कळदा न कळणारे. ध्वनिमुद्रणात त्याला दिलेली जागाही यंत्राच्या मागे, भिंतीआडून बोलावे तशी आहे. फ्रंटमन असूनही तो पुढे नाही. सामान्य श्रोत्याला हा नुसता गोंगाट वाटतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण त्या गोंगाटात एक निश्चित विधान आहे: यंत्राशी झालेल्या झटापटीत आवाज हरला आहे, आणि हरलेला आवाज कसा ऐकू येतो ते येथे ऐकावे.

या पार्श्वभूमीवर अमर शेख पुन्हा ऐकले की प्रारंभीचा प्रश्न निराळा दिसू लागतो. गिरणी त्यांच्या लयीत नाही, हे खरे. पण ती त्यांच्या आवाजाच्या उंचीत आहे. वरच्या पट्टीत लावलेला सूर, छातीभर श्वास घेऊन लांबविलेली तान, शब्दाचे शेवटचे अक्षर मैदानाच्या टोकापर्यंत फेकण्याची सवय, हे केवळ शाहिरी परंपरेचे देणे नव्हे. पेशवाईतील शाहीर वाड्यात, पटांगणात गात होता. त्याला हजारो कामगारांचा जमाव, ट्राम आणि लोकल यांचा खडखडाट, आणि दिवसभर मागांनी बधिर केलेले कान यांना भेदून जावे लागत नव्हते. अमर शेख यांचा आवाज अशा श्रोत्यांसाठी घडलेला आहे की ज्यांच्या कानांवर यंत्राने आधीच मालकी सांगितली होती. ‘पहाडी’ हे विशेषण म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. त्या आवाजाला डोंगरापेक्षा साचेखात्याने अधिक आकार दिला आहे. साच्यातून निघालेल्या कापडावर साचा दिसत नाही, तसे काहीसे हे आहे. यंत्र येथे उलट्या ठशाच्या रूपाने हजर आहे: त्याच्यावर मात करताना आवाजाला जो ताण पडला त्या ताणात.

छापील संहितेत हा ताण उतरूच शकत नाही. पुनरुक्ती, आवाहन, सपाट वाटणारे विधान यांना जे दोष मानले गेले ते सर्व या ताणाचे कागदावर उरलेले अवशेष आहेत. वाक्य एकदाच म्हटले तर मागच्या रांगेत पोहोचत नाही. गुंतागुंतीची प्रतिमा फेकता येत नाही. यावरून प्रत्येक ओळ चांगली ठरते असे मात्र नव्हे. ‘धरतीमाता’मधील काही रचना गाण्याच्या आधाराशिवायही उभ्या राहतात, काही आधार घेऊनही उभ्या राहणार नाहीत. पण निवाड्याचे निकष कोठून घ्यावयाचे हे आधी ठरले पाहिजे.

आणि तरीही एक गोष्ट अनुत्तरित राहते, ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. कापसाच्या तंतूंनी कामगारांच्या छात्या भरत. वैद्यकशास्त्राने त्या रोगाला स्वतंत्र नाव दिलेले आहे. त्या धाप लागलेल्या माणसांच्या वतीने जो आवाज गात होता तो भरदार श्वासाचा, निरोगी, अजिंक्य होता. त्यातच त्याचे सामर्थ्य होते: ऐकणाऱ्याला स्वतःची छाती तेवढ्यापुरती परत मिळे. पण त्यातच त्याची मर्यादाही होती. खोकणारा, बहिरा झालेला, भोंग्याने झोपेतून दचकणारा देह त्या आवाजात कधी ऐकू आला नाही. तो शब्दांत सांगितला गेला, आवाजाने मात्र त्याला नाकारले. बर्मिंगहॅमच्या संगीताने नेमका तोच देह ऐकविला, आणि त्याची किंमत म्हणून समूह गमावला. ‘गॉडफ्लेश’च्या गाण्याला झीलकरी असू शकत नाहीत; जेथे झील धरावयाची तेथे यंत्र बसले आहे. एकाने जमाव मिळविला आणि जखम झाकली, दुसऱ्याने जखम उघडी केली आणि जमाव सोडला. यांपैकी एकाला श्रेष्ठ ठरविण्याची घाई दोन्हींकडे केली जाते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव विझत गेला. बर्मिंगहॅमच्या न्यायाने पाहिले तर यंत्राची आठवण सुरात येण्याची ही वेळ होती. तसे झाले नाही. शाहिरी चालू राहिली, विलास घोगरे, संभाजी भगत यांच्यासारखे समर्थ आवाज आले. पण त्यांचा रोख जात, झोपडपट्टी, दंगल यांकडे वळला आणि हाती डफच राहिला. बंद गिरणीचा ध्वनी मराठीत कोणी घडविला नाही.

दरम्यान माग थांबले नव्हते, त्यांनी केवळ गाव बदलले होते. कापडाचा व्यवसाय भिवंडीच्या यंत्रमागांकडे आणि नव्या औद्योगिक वसाहतींकडे सरकला. पालघर तालुक्यातील बोईसर-तारापूर ही त्यांतील एक वसाहत. पाम, कोळवडे, कुंभवली, सरावली या गावांच्या परिसरात कापड, रसायने आणि पोलाद यांचे कारखाने आहेत, पलीकडे किनाऱ्यावर १९६९ पासून चालू असलेले अणुवीजकेंद्र आहे. लाल बावटा या मुलखाला परका नाही. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखालील वारल्यांचा उठाव १९४५ चा, म्हणजे कलापथकाच्या स्थापनेनंतर वर्षभरातला. म्हणजे कारखाना आहे, झेंडा आहे, आणि शाहीर नाही. कारण उघड आहे. शाहिराला झीलकरी लागतात, आणि झीलकरी एका चाळीत, एका भाषेत, वर्षानुवर्षे शेजारी राहून तयार होतात. कंत्राटावर आलेला, वर्षभरात दुसऱ्या कारखान्यात किंवा दुसऱ्या राज्यात जाणारा कामगार टाळी देऊ शकतो, पण झील धरणे त्याला जमत नाही.

या भूमीची स्वतःची पुढारी-वादनाची रीत मात्र वेगळीच आहे. तारपा वाजविणारा मध्ये असतो, नाचणारे त्याच्याभोवती साखळी धरून फिरतात, त्याने चाल बदलली की पावले बदलतात. संपूर्ण समूह त्याच्या मागे आहे आणि तो एक शब्दही उच्चारत नाही, कारण त्याचे तोंड वाद्याला लागलेले आहे. दुधी भोपळ्यातून निघणारा तो न तुटणारा, घोंघावणारा नाद ऐकताना यंत्रयुगाच्या संगीताची आठवण व्हावी हा केवळ कानाचा भास म्हणता येईल. पण आवाज न चढविता पुढे उभे राहता येते, हे शाहिरीला आणि रॉकला दोघांनाही न सुचलेले उत्तर आहे. कारखान्यात जाणाऱ्या आदिवासी तरुणाच्या पाळीशी त्याची गाठ अजून पडलेली नाही.

कामगारांच्या खोल्यांतून संध्याकाळी ऐकू येते ते वेगळेच असते: भोजपुरी, हिंदी, ओडिया गाणी, मोबाईलच्या छोट्या कर्ण्यातून. त्यांतील ढोलकीसुद्धा बहुधा कोणी वाजविलेली नसते. ठोका यंत्रात बांधलेला असतो आणि तो किंचितही मागेपुढे होत नाही. अमर शेख यांच्या मागे जे कधीच नव्हते, आणि ब्रॉड्रिकने जे ठरवून आणले, ते येथे कोणी न ठरविता आलेले आहे. गाणारा मात्र त्या खोलीत नसतो, तो दूरच्या कोणत्या तरी ध्वनिमुद्रणगृहात असतो. आणि खोलीतली माणसे दुसऱ्या पाळीला जाण्यापूर्वी जेवत असतात.